सीडीवरचं नववं गाणं

आमचं घर जिंतूरच्या एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीत बसलं की भिंतीवरून दिसणारी गाड्यांची टपं. कंट्रोलरचा भोंगा घरात इतका स्पष्ट ऐकू यायचा, की परभणी, मंठा, सेनगाव, औंढा ही गावं नकाशात बघायच्या आधी मी कानानं पाठ केली होती. वडील खेड्यावर शिक्षक. सकाळी नवाच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी परत आले की चपला काढायच्या आधी रेडिओ लावायचे. आई सकाळी सुशीला करायची. चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे आणि वरून शेंगदाण्याचं कूट. फोडणीचा चर्र आवाज आणि भोंग्यातला 'प्रवाशांनी लक्ष द्यावं' हे माझ्या कानात अजून एकाच वेळी वाजतं. त्या घरात आवाजाला तोटा नव्हता. बोलायला पाहिजे तेव्हा बोलणारं माणूस मात्र कुणी नव्हतं, आणि त्यात सगळ्यात पुढं मी.

मिलिंद माझा पाचवीपासूनचा दोस्त. त्याचं घर स्टँडच्या पलीकडं, बौद्ध वस्तीत. त्याचे वडील लिंबाजी कंडक्टर, जिंतूर डेपोलाच. उंच, काटक, खाकी कपड्यांची इस्त्री कधी मोडू न देणारा माणूस. तिकीट काढताना ते म्हाताऱ्या बाईलाही 'बाईसाहेब, कुठं?' असं विचारायचे. मिलिंद त्यांना दादा म्हणायचा. तो आमच्याकडं आला की आम्ही पडवीतच बसायचो. पडवीत वारा चांगला येतो म्हणून, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. आमची आई त्याला कधी वाईट शब्द बोलली नाही. आत बस असंही कधी म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही.

बारावीनंतर त्याला तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंग मिळालं. मी इथंच बी.कॉम.ला नाव घातलं आणि कॉलेजपेक्षा जास्त वेळ चुलतभाऊ बळीभाऊच्या फोटो स्टुडिओत घालवू लागलो. तेव्हा लग्नांच्या शूटिंगचं काम जोरात होतं. बळीभाऊ कॅमेरा धरायचा आणि मी मिक्सिंग करायचो. म्हणजे शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं, कापायचं, जोडायचं, नवरीचा चेहरा बदामात घालायचा आणि खाली गाणी टाकायची. जुन्या डार्करूममध्ये एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासाठी एक कूलर. माणसांसाठी नव्हता. तालुक्यात मिक्सिंगवाले चौघे होते आणि बिदाईला, म्हणजे पोरगी सासरी निघते तिथं, चौघेही तीच दोन-तीन सिनेमातली गाणी टाकायचे. पोरी वेगळ्या, रडणं वेगळं, गाणं तेच.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मिलिंद आला तो केस वाढवून. पडवीत बसल्याबसल्या त्यानं बॅगेतून पॉलिथिनच्या पाकिटात घातलेली एक सीडी काढली. वर निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं, 'पक्यासाठी. घाईत ऐकू नये.'

"काय हाय बे हे?" मी विचारलं.

"बारा गाणी हायेत. रॉक. इंडी रॉक म्हणतात याला. कुठल्या कंपनीचे न्हाईत हे लोक. घरात बसून, गोडाऊनमध्ये बसून रेकॉर्ड करतात. होस्टेलवर एकजण हाय मुंबईचा, त्याच्या कॉम्प्युटरवरून एक-एक निवडून काढलंय. महिना गेला माझा."

"हिरो-हिरोईन कोण हाय?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर आणलंय. आन ऐक पक्या, ऐकून झालं की प्रत्येक गाण्याबद्दल सांगायचं काय वाटलं ते. नुसतं छान हाय म्हणायचं न्हाई. छान तर तू उसाच्या रसालाबी म्हणतूस."

आमच्या घरी फक्त टेपरेकॉर्डर होता, म्हणून सीडी मी स्टुडिओतच ऐकली. लाईट दुपारी दोनला यायची. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा स्पीकर फाटला असं समजून मी उठून वायर हलवली. बळीभाऊ बाहेरून ओरडला, "काय लावलंय बे? डब्यात खडे टाकून हलवायलेत का कुणी?" मलाही तसंच वाटलं. इंग्रजी शब्द कळत नव्हते, गाणारे सुरात आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. चौथ्या गाण्यात एक पोरगी सर्दी झाल्यासारख्या आवाजात गात होती आणि मधेच हसत होती, आणि ते हसणं कुणी कापलेलं नव्हतं. माझ्यातल्या मिक्सिंगवाल्याला ते पहिल्यांदा खटकलं आणि मग आवडलं. मी तर रोज कापायचंच काम करत होतो. कुणी चूक तशीच ठेवून देतं हे मला माहीत नव्हतं.

नववं गाणं मराठी होतं. गिटार, मागं पंख्याची करकर, आणि मिलिंदचा आवाज.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बादलीत कपडे बुडवत होता. "नववं तुझं हाय?" म्हटलं तर हसला. होस्टेलच्या खोलीत दाराला पांघरूण लावून, दुपारी सगळी पोरं कॉलेजात असताना त्यानं ते रेकॉर्ड केलं होतं. म्हणाला, "दादावर हाय ते. पण त्याला अजून सांगितलं न्हाई. धीर होईना."

गाण्याची सुरुवात अशी होती: पहाटे पेटी वाजते, बूट वाजतो, दार वाजतं, मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहतो. कंडक्टरची तिकिटांची पेटी. लहानपणी वडील पहिल्या गाडीला निघायचे तेव्हा हा जागा असायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दोन कडवी अशी, पेटीची, बुटांची, खाकीच्या वासाची. आणि मग शेवटी आवाज चढवून फक्त दोन शब्द, पुन्हा पुन्हा: जाऊन ये, जाऊन ये.

त्यानं विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "बाकीची ऐकून सांगतो." तो सुट्टी संपवून गेला आणि माझं सांगायचं राहून गेलं.

मार्गशीर्षात आम्हाला एक मोठं लग्न मिळालं. बोरीकडच्या एका गावचे मोठे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या मुलीचं लग्न. तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्या भावानं मला बजावलं होतं, "बिदाईला तेच ते रडकं टाकू नको. तालुक्यात कुणाच्या सीडीत न्हाई असलं काहीतरी टाक." मी मिक्सिंगला बसलो आणि मला मिलिंदचं गाणं आठवलं. मुलगी जीपच्या पायरीवर पाय ठेवून मागं वळते, आई तिच्या तोंडावरून हात फिरवते, आणि तिथं ते दोन शब्द. मी लावून बघितलं तर माझ्याच अंगावर काटा आला. मिलिंदला जे मला बोलून सांगता आलं नव्हतं ते मी आता करून दाखवतोय असं वाटलं. तो संक्रांतीला आला की त्याला दाखवायचं, तुझं गाणं दोन गावांनी ऐकलं म्हणायचं, असा माझा बेत होता.

पण बिदाई अडीच मिनिटांची होती आणि गाणं सव्वाचार मिनिटांचं. पेटीची आणि बुटांची कडवी चित्राशी जुळत नव्हती. ती मी कापली. फक्त शेवट ठेवला.

आमच्याकडं मुलीची पहिली संक्रांत माहेरी मोठी करतात. हलव्याचे दागिने करतात, जावयाला आणि त्याच्या माणसांना जेवायला बोलावतात. आबांनी त्याच दिवशी लग्नाची सीडी लावायची ठरवलं. दुपारची लाईट आल्यावर टीव्ही ओसरीत आणून ठेवला. सासरचे दहा-बारा लोक, गावातले पन्नासेक. मुलगी हलव्याचा मुकुट घालून मधोमध बसली होती. बिदाई आली. गाणं सुरू झालं. आणि तिचा एक चुलतभाऊ, जो आमच्याच कॉलेजात होता आणि ज्यानं मिलिंदला बारावीच्या स्नेहसंमेलनात ऐकलं होतं, मोठ्यानं म्हणाला, "हा तर लिंबाजी कंडक्टरच्या मिल्याचा आवाज हाय."

हे सगळं मला नंतर कळलं. मी स्टुडिओत होतो. जीप आली आणि बळीभाऊला आणि मला घेऊन गेली.

ओसरीतली माणसं तशीच बसलेली होती. पुरणपोळ्यांची ताटं वाढायची थांबलेली. टीव्हीवर मुलीचा चेहरा मधेच थांबवून ठेवला होता. सासूबाई पदर सावरत कुणाकडंही न बघता म्हणत होत्या, "जाऊन ये म्हणायलाय. जाऊन ये! कुठून जाऊन ये? आमच्या घरून?" मुलगी रडत नव्हती. तिनं मिलिंदला जन्मात बघितलेलं नव्हतं, आणि आपल्याला काय विचारतायत हेच तिला समजत नव्हतं.

आबा ओरडले नाहीत. माझ्या वडिलांना ते ओळखत होते. खुर्चीवरून पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "मास्तरचा पोरगा तू. आपल्यातला हायेस. खरं सांग, हे गाणं कुठून आलं?"

बळीभाऊनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत स्टुडिओचं कायमचं पडलेलं शटर दिसत होतं.

मी म्हणालो, "सीडी मिलिंदनं आणून दिली."

"बिदाईत लावायला?"

मी खाली बघितलं. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. बळीभाऊ म्हणाला, "लेकरू हाय आबा, फसलं," आणि त्यावर सगळं ठरलं. मी त्या ओसरीत एक अक्षरही खोटं बोललो नाही. पंचवीसएक वर्षं मी हे वाक्य स्वतःला ऐकवत आलोय. पूर्ण गाणं असलेली ती सीडी स्टुडिओतल्या ड्रॉवरमध्ये होती. जीप पाठवून आणवली असती, त्याच टीव्हीवर पहिल्यापासून लावली असती, तर पेटीचा आणि बुटांचा अर्थ त्या ओसरीतल्या शेंबड्या पोरालाही कळला असता. मला ते तेव्हाही सुचलं होतं. सुचलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. पण मग पुढचा प्रश्न आला असता, लावलं कुणी? आणि ते मी होतो.

घरी आलो. आईनं तिळगुळाच्या वड्या ताटात थापल्या होत्या, त्या सुरीनं पाडत होती. म्हणाली, "तोंड कामून उतरलंय?" मी तसाच मागं फिरलो. अंधार पडायच्या आत स्टुडिओत जाऊन ड्रॉवरमधून सीडी काढली. कुणी झडती घेतली तर माझ्याकडं सापडू नये, एवढंच डोक्यात होतं. सीडी सहज मोडत नाही. वाकते, पांढरी पडते आणि मग एकदम फुटते. तिचे चार तुकडे केले आणि स्टँडमागच्या गटारात टाकले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास स्टँडवर गलका ऐकू आला. मी पडवीत खुर्चीवर उभा राहून भिंतीवरून बघितलं. परभणी गाडी फलाटाला लागलेली, माणसं आत बसलेली, आणि लिंबाजी कंडक्टर तिकिटांची पेटी गळ्यात घेऊन खाली उभे. समोर आबांची सात-आठ माणसं. त्यांनी मिलिंदला घरून आणलं होतं. तो संक्रांतीसाठी आदल्याच दिवशी गावी आला होता. एकानं त्याची कॉलर धरली आणि हात उगारला. तो हात खाली यायच्या आत लिंबाजी मधे पडले आणि त्यांनी स्वतःच मिलिंदला मारायला सुरुवात केली. थोबाडीत, पाठीवर, मानेवर. बापानं असं मारलं की बाकीच्यांना मारायला काही उरत नाही, हे आमच्याकडच्या गरीब माणसाला शिकवावं लागत नाही. मारताना गळ्यातली पेटी उडत होती आणि तिकिटं फलाटावर सांडत होती. मग त्यांनी हात जोडले. वयानं निम्म्या असलेल्या पोरांना ते म्हणाले, "चुकलं मालक. पोरगं हाय. पदरात घ्या." गाडीतले लोक खिडक्यांतून बघत होते. भोंग्यावर परभणी गाडी सुटण्याची सूचना झाली. लिंबाजींनी वाकून तिकिटं गोळा केली, गाडीत चढले आणि घंटी दिली.

मी खुर्चीवरून उतरलो तेव्हा आई माझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, "तुझा दोस्त ना तो?" मी म्हणालो, "ओळखीचा हाय."

मिलिंद तीन दिवसांनी स्टुडिओत आला. डोळ्याखाली काळं पडलेलं. बळीभाऊ समोर होता म्हणून मी त्याला बाहेर घेऊन गेलो. तो रागावला नव्हता, आणि तेच मला अजून सहन होत नाही. म्हणाला, "पक्या, ती सीडी दे जरा. दादा बोलंना माझ्याशी. मी सांगितलं, गाणं तुझ्यावर हाय, तर म्हणला, आता माझं नाव घालायलास का त्यात? एकदा पूर्ण ऐकवतो त्याला. नव्यानं म्हणून दाखवलं तर आता रचलंस म्हणंल. होस्टेलवरच्या पोरानं कॉम्प्युटर फॉरमॅट मारलाय. तेवढी एकच कॉपी हाय."

मी म्हणालो, "हरवली रे."

"नीट बघ."

"बघितली. न्हाई सापडत."

"सापडली की सांग," म्हणाला आणि गेला.

त्या मुलीला सासरच्यांनी उन्हाळ्यात माहेरी आणून सोडलं. आठ-नऊ महिन्यांनी मध्यस्थांनी नेऊन घातली. पुढं एका लग्नात ती मला दिसली. मी तिच्यावर कॅमेरा धरला तशी ती उठून आत गेली. स्टुडिओ आता माझा आहे. ड्रोन आहे, प्री-वेडिंग करतो, बिदाईला जोडपी स्वतःच मोबाइलवरून गाणी पाठवतात. गाणं कुणाचं आहे हे मी अजूनही दोनदा विचारून घेतो. गिऱ्हाइकांना वाटतं, मी काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे.

मिलिंद इंजिनिअर झाला, नांदेडला नोकरीला लागला, जिंतूरला फारसा आला नाही. लिंबाजी रिटायर झाले. ते रस्त्यात दिसले की मी नमस्कार करायचो, तेही हात वर करायचे. एवढ्या वर्षांत त्यांना थांबवून एक वाक्य सांगायला मला रस्त्यात किती वेळा जागा होती, ते मोजायची माझी हिंमत नाही. मागच्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. त्यानंतर चार दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर गेलो.

मिलिंद अंगणात भाड्यानं आणलेल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता. केस पांढरे, चष्मा. मला बघून त्यानं एक खुर्ची परत मोकळी केली. मी बसलो नाही. म्हणालो, "मिलिंद, तवा आबांच्या ओसरीत तुझं नाव मी सांगितलं."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"तवाच. सीडी तुझ्याशिवाय कुणाकडं होती?" त्यानं खुर्चीवरची धूळ पुसली. "भ्यायला असशील. ते समजलो मी. आन तुझं नाव घेऊन मी काय करणार होतो? दादाला आणखी एकदा हात जोडावे लागले असते, आता तुझ्या बापापुढं."

"ते न्हाई. दुसरं हाय." मी म्हणालो, "सीडी हरवली नव्हती. मी मोडली होती. तू मागायला आलास त्याच्या आधीच."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा हात खुर्चीवरच राहिला. बराच वेळ तो माझ्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात राग यावा म्हणून मी मनातल्या मनात विनवणी करत होतो. शेवटी तो म्हणाला, "दादा माझ्याशी बोलला न्हाई पक्या. आजारी पडला तरी आईच्या तोंडून बोलायचा. 'त्याला सांग, पाणी दे.' मी तिथंच उभा असायचो." मग दाराकडं हात करून म्हणाला, "मला नको सांगू. आईला सांग."

आत त्याची आई जमिनीवर बसून सुपात डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो. त्या घरात मी पहिल्यांदाच आतपर्यंत आलो होतो. सगळं सांगितलं. गाण्यात काय होतं, मी काय कापलं, कुणाला काय म्हणालो, काय मोडलं. तिचे हात चालू होते. पेटीचं कडवं मला पाठ होतं, ते मी म्हणून दाखवलं, तेव्हा थांबले.

"मलाबी गावासारखंच वाटायचं," ती म्हणाली. "माझं पोरगं त्या पोरीच्या नादी लागलं आन घराची इज्जत घालवली, असंच मी समजून होते. ह्यांनी तर धरूनच ठिवलं शेवटपर्यंत." सूप बाजूला सरकवून ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लिंबाजींचा नवा फोटो होता, खाकी कपड्यांतला, ताज्या हारासकट.

"मला कशाला सांगायलास?" ती म्हणाली. "त्यांना सांग."

मी फोटोसमोर उभा राहिलो. हात जोडले. मग पुटपुटत सुरुवात केली.

"मोठ्यानं सांग," मागून ती म्हणाली. "गाडीच्या आवाजानं कान गेले होते त्यांचे."

मी मोठ्यानं सांगू लागलो. बाहेर खुर्च्यांचा आवाज बंद झाला.